कशिद्याची उलटी बाजू : व्ही अँड ए संग्रहालयाची 'ऑर्डर अ‍ॅन ऑब्जेक्ट' सेवा

"मावशी, उलटी बाजू दाखवायला ते तयार आहेत." लंडनहून भाचीचा मेसेज आला तेव्हा मी मशिनवर होते. टीप अर्धवट सोडून उठले आणि मेसेज पुन्हा वाचला. चौदाव्या शतकातलं इंग्रजी भरतकाम, आणि त्याची मागची बाजू! पुढून बघून कौतुक सगळेच करतात, पण टाका कसा घातलाय हे कळायला कापड उलटंच करावं लागतं.

मी वसईची. वडील शिंपी होते आणि चर्चची शिलाई हा त्यांचा हातखंडा. आता मी आणि माझ्याकडे शिकणाऱ्या दोन मुली मिळून धर्मगुरूंचे झगे, आल्ब (आतला पांढरा झगा), स्टोल (गळ्यात घ्यायची लांब पट्टी), चॅझ्युबल (सगळ्यात वरचं वस्त्र) शिवतो. फेब्रुवारीत भाचीकडे पंधरा दिवस राहिले, त्यातले दोन दिवस व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयासाठी ठेवले होते. पहिला दिवस साउथ केन्सिंग्टनच्या मूळ इमारतीत, दुसरा पूर्व लंडनच्या स्टोअरहाऊसमध्ये. हा अभिप्राय मुख्यतः दुसऱ्या दिवसाचा आहे, पण पहिल्याशिवाय दुसरा कळणार नाही.

सेवा अशी आहे. ऑलिंपिक पार्कात ३१ मे २०२५ रोजी 'व्ही अँड ए ईस्ट स्टोअरहाऊस' उघडलं. हे संग्रहालयाचं गोदाम, पण सगळ्यांना खुलं. आत सुमारे अडीच लाख वस्तू आहेत. संकेतस्थळावर शोधायचं, हवी ती वस्तू निवडायची, एका भेटीला जास्तीत जास्त पाच. निदान दोन आठवडे आधी नोंदणी करायची. ठरल्या दिवशी त्या वस्तू टेबलावर मांडून ठेवलेल्या असतात आणि शेजारी एक जाणकार कर्मचारी उभी असते. प्राध्यापक असावं लागत नाही, कुणाचं शिफारसपत्र लागत नाही, पैसे लागत नाहीत. वसईच्या शिंपिणीला त्यांनी संशोधकाइतक्याच अदबीने बसवलं, हे मला आधी सांगायचं आहे.

पहिल्या दिवसाचं सांगते. मध्ययुगाच्या दालनांत उजेड अगदी मंद असतो. रेशमाचा रंग उजेडाने उडतो, म्हणून तसा ठेवावाच लागतो. पाच मिनिटं नुसतं उभं राहावं, मग डोळे सरावतात आणि कापड हळूहळू दिसायला लागतं. मला सायनचा, म्हणजे इंग्लंडातल्या सायन मठाकडे असलेला, कोप बघायचा होता. कोप म्हणजे मिरवणुकीच्या वेळी खांद्यावरून घेतात ते अर्धवर्तुळाकार पांघरूण, समोर छातीवर अडकवायचं. हा कोप १३०० ते १३२० च्या दरम्यानचा. रुंदी जवळजवळ तीन मीटर, आणि कापड कुठेही दिसत नाही. खाली तागाचं, म्हणजे लिननचं, सुती दिसणारं जाड कापड आहे म्हणतात म्हणून मानायचं, कारण कडेपासून कडेपर्यंत टाकेच टाके. एकमेकांत गुंतलेल्या चौपाकळी चौकटी, त्यांच्या आत ख्रिस्ताचं क्रुसावरचं मरण, मरियेचा राज्याभिषेक, अजगराला भाल्याने टोचणारा देवदूत मायकल, ख्रिस्ताच्या जखमेला बोट लावणारा शिष्य थोमा. चौकटींच्या मधल्या जागेत सहा पंखांचे देवदूत चाकांवर उभे. चौकटींमधला लाल आता विटून मातकट झालाय, बाहेरचा हिरवा अजून टिकून आहे.

मी चेहऱ्यांपाशी थांबले. गालाच्या मध्यावर टाका सुरू होतो आणि भोवऱ्यासारखा गोल फिरत बाहेर येतो. नुसत्या टाक्याच्या दिशेने गाल फुगीर दिसतो, रंग बदलायची गरजच नाही. हा टाका असा, की प्रत्येक नवा टाका आधीच्या टाक्याच्या दोऱ्याला मधोमध चिरून वर येतो. त्यामुळे दोन टाक्यांमध्ये फट राहत नाही. मी साखळी टाक्याने चेहरे भरते. त्या काचेसमोर उभी असताना माझ्या लक्षात आलं की माझ्या संतांचे गाल सपाट का दिसतात.

ह्या कोपची कथा ऐकून मी तिथल्या बाकावर बसलेच. तो सायन मठातल्या ब्रिजेटाइन पंथाच्या जोगिणींकडे होता. मठ इंग्लंडचा राजा पाचवा हेन्री ह्याने १४१५ साली स्थापलेला, म्हणजे कोप मठापेक्षा शंभर वर्षं जुना. आठव्या हेन्रीने मठ मोडले, पुढे एलिझाबेथच्या काळात जोगिणींनी देश सोडला. फ्लँडर्स, फ्रान्स असं फिरत १५९४ साली त्या लिस्बनला पोचल्या आणि तिथे दोनशेहून अधिक वर्षं राहिल्या. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांच्यातल्या काही जणी इंग्लंडला परतल्या तेव्हा कोप त्यांच्यासोबत आला, आणि १८६४ साली संग्रहालयाने तो विकत घेतला. १५९४ साली आमच्या वसईवर पोर्तुगीजांचाच अंमल होता. जोगिणी हे ओझं घेऊन लिस्बनच्या धक्क्यावर उतरल्या त्या वर्षांत वसईच्या किल्ल्यातल्या चर्चेसमध्ये त्याच लिस्बनहून आलेली वस्त्रं वापरली जात असणार. भाचीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मावशी, तू काचेशी बोलत होतीस मघाशी." बोलतच होते.

आता शब्दांकडे येते, कारण दुसऱ्या दिवशीच्या टेबलावर मला कापडापेक्षाही जास्त त्यांनी धरून ठेवलं. वडील आम्हा मुलांना वस्त्रांची नावं अंगावर चढवण्याच्या क्रमाने शिकवायचे. आधी ॲमिस, मग आल्ब, मग कमरेचा दोर, मग डाव्या हातावर मॅनिपल, मग स्टोल, सगळ्यात वर चॅझ्युबल. नावं पाठ होती, अर्थ कुणीच सांगितला नव्हता. आम्हाला ते पवित्र आवाज वाटायचे. अर्थ कळले तेव्हा वाटलं, अरे, हे तर घरातल्या दोरीवर वाळत घातलेले कपडे आहेत.

आल्ब म्हणजे लॅटिनमध्ये नुसतं 'पांढरी'. पांढरी ट्यूनिक, म्हणजे लांब अंगरखा, झालं. जुन्या काळी तिलाच कामिसिया असंही म्हणत. तो शब्द अरबीत गेला, पोर्तुगीजांत कामिझा झाला, आणि आपण ज्याला खमीस म्हणतो ते त्याच घराण्यातलं. ॲमिस म्हणजे 'गुंडाळलेलं', गळ्याभोवती घ्यायचं चौकोनी फडकं, वरच्या भारी कपड्याला घाम लागू नये म्हणून. मॅनिपल आधी मप्पुला होता, म्हणजे हातरुमाल. रोमन अधिकारी हातात धरायचे तसला. तो हळूहळू मनगटावर आला, अरुंद झाला, सोन्याने भरला गेला, आणि शेवटी त्याने कुणी तोंड पुसायचं नाही अशी त्याची पायरी वाढली. १९६७ साली चर्चने तो सक्तीचा नाही असं ठरवलं आणि तो वापरातून गेला. माझ्या वडिलांच्या पेटीत त्यांनी त्याआधी शिवलेला एक मॅनिपल अजून आहे, हिरव्या रेशमाचा, टोकाला गोंडे असलेला. मला तो लहानपणी बाहुलीचा स्टोल वाटायचा.

सर्प्लिस ह्या शब्दावर मी सगळ्यात जास्त रमले. वेदीसेवक मुलं घालतात तो गुडघ्यापर्यंतचा पांढरा, घेरदार बाह्यांचा अंगरखा. मूळ लॅटिन शब्द सुपरपेलिसियम, म्हणजे 'केसाळ कातड्याच्या वरून घालायचं'. उत्तर युरोपातली दगडी चर्चं, हिवाळ्यातल्या पहाटेच्या प्रार्थना. पाद्री आतून लोकरीच्या कातड्याचे कोट घालायचे आणि त्यावर चढेल असा सैल पांढरा अंगरखा लागायचा, म्हणून त्याला इतका घेर आणि इतक्या रुंद बाह्या. मी तीस वर्षं सर्प्लिस शिवते आहे. वसईच्या मे महिन्याच्या उकाड्यात, घामाने भिजलेल्या वेदीसेवकांसाठी, लंडनच्या थंडीचा घेर ठेवून! फेब्रुवारीत तिथल्या एका जुन्या चर्चमध्ये अर्धा तास बसले तेव्हा पायाच्या बोटांना तो शब्द कळला.

कोप म्हणजे कापा, टोपीची शाल. दुसरं नाव प्लुव्हिआले, म्हणजे पावसाची. पाठीवर जी ढालीसारखी सजवलेली पट्टी लोंबते ती एकेकाळची खरी टोपी, पावसात डोक्यावर ओढायची. पाऊस राहिला बाजूला, टोपीची ढाल झाली. छातीवरच्या आकड्याला मोर्स म्हणतात, लॅटिन 'चावा' वरून, आकडा कापडाला चावतो म्हणून. आमच्या हुकाला असलं नाव कुणी दिलं नाही ह्याची मला जरा चुटपुटच लागली. डाल्मॅटिक हा डीकनचा, म्हणजे धर्मगुरूच्या एक पायरी खालच्या सेवकाचा, बाह्यांचा झगा, तो डाल्मेशिया प्रांताच्या नावाचा, जसं आपण कोल्हापुरी चप्पल म्हणतो. आणि सोन्याच्या भरतकामाची जी रुंद पट्टी चॅझ्युबल-कोपवर लावतात ती ऑर्फ्रे, म्हणजे फ्रिजियन सोनं. फ्रिजिया हा आताच्या तुर्कस्तानातला भाग, तिथले भरतकाम करणारे रोमन लोकांत नावाजलेले. मराठीत मी त्याला सरळ काठ म्हणते. काठच आहे तो.

चॅझ्युबलचं मूळ कासुला, 'छोटं घर'. सातव्या शतकात स्पेनमधल्या सेव्हिलच्या बिशप इसिदोरने लिहून ठेवलंय की माणसाला सगळीकडून झाकतं म्हणून हे छोटं घर. आणि तो म्हणतो तसंच ते होतं. अर्धवर्तुळाकार कापड, पुढे मधोमध शिवलेलं, डोकं घालायला भोक, आणि सगळीकडून जमिनीपर्यंत घेर. हात बाहेर काढायचे तर दोन्ही बाजूंचं कापड खांद्यावर गोळा करून घ्यावं लागे. आजही काही ठिकाणी जुन्या पद्धतीच्या मिस्सात, म्हणजे चर्चच्या मुख्य उपासनेत, धर्मगुरू ख्रिस्तशरीर (पवित्र भाकर) वर उचलतात तेव्हा वेदीसेवक मागून चॅझ्युबलचं टोक धरतो. त्या वजनदार घेराच्या काळाची ती खूण. बाराव्या-तेराव्या शतकानंतर वर उचलणं रूढ झालं, कापडावरचं भरतकाम जड होत गेलं, मग शिंप्यांनी दोन्ही बाजू थोड्या थोड्या कापायला सुरुवात केली. कापत कापत अठराव्या शतकापर्यंत व्हायोलिनच्या आकाराचं, पुठ्ठ्यासारखं ताठ वस्त्र उरलं. वडील लहानपणी शिवायला शिकले ते हेच. छोटं घर होतं त्याचे पुढे-मागे दोन दरवाजे तेवढे राहिले होते.

ही काटछाट त्या दालनातच दिसते. क्लेअर चॅझ्युबल नावाचं निळं वस्त्र आहे, १२७२ ते १२९४ च्या दरम्यान मार्गारेट दे क्लेअर ह्या उमराव बाईसाठी केलेलं. आधी घंटेच्या आकाराचं होतं, नंतर कुणीतरी दोन्ही बाजू कापून अरुंद केलं. भरलेल्या वेलीत सिंह आणि गरुडसिंह आहेत, आणि शिवणीपाशी वेल मधेच तुटते. ते तुटलेलं टोक बघून मला माझीच कात्री आठवली. किती जुन्या साड्यांचे पदर मी असे कापले असतील, गिऱ्हाईकाने सांगितलं म्हणून. उलट गोष्टही घडली आहे. हंगेरीच्या राजांचा राज्याभिषेकाचा जो झगा आहे, तो मुळात १०३१ साली राजा स्टीफन आणि राणी गिझेलाने एका चर्चला दिलेलं घंटेच्या आकाराचं चॅझ्युबल. पुढून उभं कापलं आणि राजाच्या खांद्यावर गेलं.

आता दुसरा दिवस. भाचीने मला पाचही वस्तू निवडू दिल्या. त्यांतल्या तीन पंधराव्या शतकातल्या, मखमलीवर लावलेल्या आकृत्यांच्या. प्लेगच्या काळ्या साथीनंतर, म्हणजे १३४८-४९ नंतर, काम बदललं. आकृती वेगळी भरायची, कापायची, मखमलीवर टाचायची. पटकन होतं, आणि पटकन झालंय हे दिसतं. त्यांच्यावर मी फार वेळ घालवला नाही. आमच्याकडे जे काम येतं ते ह्याच पद्धतीने होतं, त्यामुळे नवीन काही नव्हतं.

चौथी वस्तू एक अरुंद काठाचा तुकडा होता, तळहाताएवढा. चौदाव्या शतकाची सुरुवात, इंग्रजी काम. ह्या इंग्रजी भरतकामाला तेव्हा सगळा युरोप 'ओपुस अँग्लिकानुम' म्हणायचा, म्हणजे इंग्लंडचं काम. पोप इनोसंट चौथा ह्याची एक गोष्ट मॅथ्यू पॅरिस नावाच्या जोगी इतिहासकाराने लिहून ठेवली आहे. १२४६ साली इंग्लंडच्या काही पाद्र्यांच्या वस्त्रांवरचे सोन्याचे काठ पोपने पाहिले, कुठे होतं हे काम म्हणून विचारलं आणि मग इंग्लंडच्या मठाधिपतींना पत्रं पाठवून तसलंच काम मागवलं. पॅरिसने असंही नमूद केलंय की लंडनच्या व्यापाऱ्यांना ह्याचं मुळीच वाईट वाटलं नाही. त्यांनी हवा तो भाव लावला. १२९५ च्या व्हॅटिकनच्या यादीत 'इंग्लंडचं काम' हा उल्लेख शंभराहून अधिक वेळा येतो.

तुकड्याला अस्तर नव्हतं, म्हणूनच तो मी निवडला होता. हात लावायचा नाही हे आधीच सांगितलं होतं आणि मला ते पटतं. सातशे वर्षांच्या दोऱ्याला माझ्या बोटाचं तेल कशाला लागावं. कर्मचारी मुलीने तुकड्याच्या वर मऊ कागद ठेवला, वर दुसरा पुठ्ठा, आणि दोन्ही पुठ्ठे धरून एका हालचालीत पालथं केलं. आपण ताटावर ताट ठेवून घावन उलटवतो तसं. मग वरचा पुठ्ठा काढला आणि भिंग माझ्या हातात दिलं.

पुढून काय दिसतं ते आधी सांगते. सोन्याच्या दोऱ्याच्या शेजारी शेजारी ओळी, आणि त्यांना कापडाला धरून ठेवणारा एकही टाका दिसत नाही. दोरा म्हणजे आपली कलाबतूच. रेशमाच्या दोऱ्यावर चांदीची सोन्याचा मुलामा दिलेली चपटी तार गुंडाळलेली. आपल्याकडचे जरदोजी कारागीर कलाबतू कापडावर मांडतात आणि वरून बारीक टाक्याने बांधतात. तो टाका वर दिसतो, आणि काही वर्षांनी झिजला की कलाबतू सुटून लोंबते. इथे बांधलंय काय, हेच कळत नव्हतं.

मागून कळलं. कापडाच्या मागे तागाचा जाड दोरा आडवा-उभा फिरतो. सुई खालून वर येते, सोन्याच्या दोऱ्याला वळसा घालते आणि त्याच भोकातून परत खाली जाते. दोरा ओढला की सोन्याचा इवलासा फासा त्या भोकातून खाली उतरतो आणि मागे अडकून बसतो. मागच्या बाजूला मला ते फासे दिसले, मोहरीच्या दाण्याहून लहान, सोन्याचे ठिपके, ओळीने. बांधणारा दोरा मागेच राहतो, वर येतच नाही, त्यामुळे तो घासला जात नाही. आणि प्रत्येक फाशापाशी सोनं मोडतं, म्हणजे तिथे बिजागरी तयार होते. म्हणून इतकं सोनं भरूनही कापड अंगावर वळतं, पत्र्यासारखं ताठ होत नाही. ज्या कोपचं मी आदल्या दिवशी तीन मीटर कापड पाहिलं, ते सगळं अशा फाशांवर उभं आहे.

मी "अगं बाई" एवढंच म्हणाले. कर्मचारी मुलीला मराठी कळत नव्हतं, पण ती हसली आणि म्हणाली, भरतकाम करणारी माणसं इथे येऊन हाच आवाज काढतात.

एकाच भोकातून वर आणि खाली, म्हणजे सुईचा अंदाज किती पक्का हवा विचार करा. लंडनमधल्या कारखान्यांत बायका आणि पुरुष दोघंही हे काम करायचे. नावं फार थोडी उरली आहेत. त्यांत एक बाई आहे, 'बरी सेंट एडमंड्स' ह्या गावची मेबल. तिसऱ्या हेन्रीच्या हिशेबवह्यांत १२३९ पासून तिचं नाव पुन्हा पुन्हा येतं, चॅझ्युबल केलं, सोनं दिलं, रेशीम दिलं, मोती दिले. आणि १२५६ साली राजा तिच्या गावी आला तेव्हा त्याने तिला कापड आणि झग्याला लावायला सशाची फर द्यायला सांगितली, तिने दीर्घकाळ केलेल्या सेवेबद्दल. म्हणजे इतक्या वर्षांनी राजाला तिची आठवण होती. माझे वडील गेले तेव्हा त्यांनी शिवलेल्या किती चॅझ्युबलवर त्यांचं नाव होतं? एकावरही नाही. चर्चच्या वस्त्रावर शिंप्याने नाव घालायची पद्धत नाही. मेबलचं नाव हिशेबाच्या वहीने राखलं, म्हणून मी परत आल्यावर आमच्या दुकानाची वही नीट लिहायला सुरुवात केली आहे. कुणी काय भरलं, कोणत्या मुलीने.

त्याहून जुनं हवं तर उत्तर इंग्लंडातल्या डरहॅमला जावं लागेल. तिथे संत कुथबर्टच्या पेटीतून १८२७ साली स्टोल आणि मॅनिपल निघाले, आणि त्यावरच लिहिलेलं आहे की राणी एल्फ्लेडने बिशप फ्रिथेस्तानसाठी करवून घेतले. म्हणजे ९०९ ते ९१६ च्या दरम्यान. ह्या वेळी जमलं नाही.

इतकं सोनं, मग उरलं इतकं कमी का? ह्याचं उत्तर मला संग्रहालयाच्या फलकापेक्षा माझ्या आईने आधी दिलेलं आहे. धर्मसुधारणेच्या काळात इंग्लंडात चर्चची वस्त्रं जप्त झाली. काहींच्या उशा झाल्या, पलंगाच्या चादरी झाल्या, आणि पुष्कळ जाळली गेली. जाळून राखेतून सोनं-चांदी वेचायची. आमच्या आळीत बोहारणी आणि 'जुन्या जरीच्या साड्या' म्हणून ओरडत येणारे फेरीवाले हेच करायचे. आईने तिच्या आईचा शालू तसाच देऊन टाकला, तराजूत चांदीच्या भावाने, आणि मग दोन दिवस बोलली नाही. दालनात बटलर-बाउडन कोप म्हणून एक लाल मखमलीचा कोप आहे, चौदाव्या शतकातला. त्याचे एकेकाळी तुकडे करून इतर वस्त्रं बनवली होती, एकोणिसाव्या शतकात ते पुन्हा जोडून कोप उभा केला. जोड दिसतात. मला ते जोड फार आवडले. कुणीतरी उसवून पुन्हा जुळवायला बसलं, ह्याला किती धीर लागतो हे शिंप्यालाच माहीत.

पाचवी वस्तू लाल रेशमाची पट्टी होती, भरतकाम नाही. ती मी एका शब्दासाठी मागवली. आपण ज्या रंगाला किरमिजी म्हणतो तो आणि इंग्रजांचा क्रिमझन, दोन्ही एकच. भूमध्य समुद्राकाठच्या ओकच्या झाडांवर राहणारा एक किडा वाळवून तो लाल काढायचे. अरबीत त्या रंगाला किर्मिझ, आणि त्याच्या मागे जाल तर आपला कृमी. पोपच्या आणि बिशपांच्या अंगावरच्या त्या सगळ्या भारी लालाच्या नावात एक किडा बसला आहे, आणि त्याचं नाव आपण पाचवीच्या पुस्तकात शिकतो.

परत आल्यावर मी आडव्या फ्रेमवर तागाचं दुहेरी कापड ताणून तो टाका करून बघितला. पहिल्या दिवशी बोटभर झालं. फासा खाली ओढताना कलाबतू तुटायची. मुंबईतल्या एका दुकानातून 'अस्सल' म्हणून आणलेली रिळं होती ती, महिन्याभरात काळी पडली, आणि तार उलगडून बघितली तर आत प्लॅस्टिक. परत घ्यायला दुकानदाराने साफ नकार दिला. पैसे गेले ह्याहून जास्त राग ह्याचा आला, की त्या रिळांवर मुलींचे आठ दिवस गेले. आता सुरतेहून खरी तार मागवली आहे, महाग पडते, पण खाली उतरते आणि तुटत नाही.

जाणाऱ्यांसाठी थोडं. वस्तू निवडताना संकेतस्थळावरचे फोटो मोठे करून अस्तर आहे का ते बघा. अस्तर असलं तर मागची बाजू मिळणार नाही. नोंदणी करताना तुम्हाला नेमकं काय बघायचंय ते लिहा. आमच्या बाबतीत त्या एका वाक्यानेच सगळं जमलं. पेन नको, पेन्सिल न्या. एका भेटीत पाच वस्तू मिळतात म्हणून पाच मागवू नका, दोन पुरतात. मोठी दालनं आदल्या दिवशी बघा, म्हणजे टेबलावरचा तुकडा कोणत्या घराचा आहे ते कळतं. हॅकनी विक स्थानकावरून चालत जाता येतं. आणि स्वेटर न्याच.

माझा भाचा येत्या मे महिन्यात गुरुदीक्षा घेतोय, म्हणजे धर्मगुरू होतोय. त्याचं चॅझ्युबल मी शिवते आहे, जुन्या घंटेच्या बेताचं नाही, इतका घेर त्याला वसईच्या मेमध्ये सोसायचा नाही. पण पुढच्या काठावर चार बोटं जागा सोन्याची आहे, आणि ती मी त्याच टाक्याने भरते आहे. काल रात्री दुसरं बोट पुरं झालं. फ्रेम उलटी करून दिव्याखाली धरली, मागचे फासे मोजले, आणि मधे एक चुकलेला सापडला. आज तो उसवते.